टाकाऊ कोणी ठरवावे?

मराठीत क्रियापदाला ‘ऊ’ हा प्रत्यय लागला की वस्तूचा स्वभाव किंवा तिची योग्यता सांगणारा शब्द तयार होतो. जे टिकते ते टिकाऊ, जे विकावयास काढले आहे ते विकाऊ, आणि जे टाकून देण्याजोगे ते टाकाऊ. व्याकरणाच्या दृष्टीने हे शब्द एकाच घरचे आहेत. परंतु थोडा विचार करू जाता त्यांत एक भेद आढळतो. टिकाऊपणा हा वस्तूच्या अंगचा गुण आहे. लोखंड टिकते, कागद टिकत नाही. त्यात कोणाच्या मताचा प्रश्न येत नाही. टाकाऊपणा मात्र वस्तूत कितीही शोधला तरी सापडत नाही. तो टाकणाऱ्याच्या मनात असतो. रिकामी बाटली ही केवळ रिकामी बाटली असते. ती टाकाऊ आहे हा आपण तिच्याविषयी दिलेला निवाडा असतो. आणि निवाडा म्हटला की तो देणारा कोण, कोणत्या अधिकाराने देतो व चुकतो की काय, हे प्रश्न आलेच.

हा विचार करण्यास निमित्त झाले ते असे. मोठ्या शहरांतून हल्ली सुटीच्या दिवशी सार्वजनिक उद्यानांत मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी विनामूल्य कलावर्ग भरतात. घरातले जुने कागद, पुठ्ठे, बाटल्या, चिंध्या, बुचे आणावयाची आणि झाडाखाली सतरंजी घालून सर्व कुटुंबाने मिळून त्यांतून काही घडवावयाचे, असे त्यांचे स्वरूप असते. तसा वर्ग बीडमध्येही भरवावा काय, असे काही तरुण शिक्षकांनी आम्हांस विचारले. त्यांची अपेक्षा आम्ही लगेच होकार द्यावा अशी होती, आणि होकार आम्ही दिलाही; परंतु हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, हे जसजसे बोलणे वाढले तसतसे आमच्या ध्यानात येत गेले. त्या बोलण्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेख.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही कल्पना परदेशातून आलेली नवलाई नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी. ती वारली पाड्यांवर कोठून यावयाची? तेव्हा या दोघींनी बिया, खडे, शिंपले, पाने यांची साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ही हकीकत आहे. झाडाखालची सतरंजी म्हणजे त्याच अंगणाची धाकटी बहीण होय.

दुसरे उदाहरण पुण्याचे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. मधून १९७५ साली अभियंता होऊन पुण्यास टेल्कोच्या कारखान्यात लागले. १९७८ साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबादला (आता नर्मदापुरम) तेथील विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तूंकडे पाहू लागले. काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांच्या जोडणीतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले; २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. या कामातील आम्हांस सर्वाधिक पटणारी गोष्ट म्हणजे त्यातले निर्भयपण. विकतचे महाग खेळणे आई कपाटावर ठेवते आणि पाहुणे आले म्हणजे खाली काढते. काड्यांचे खेळणे मोडले तर कोणी रागावत नाही. म्हणून मूल ते उघडून पाहते, आणि उघडून पाहिल्यावाचून कोणतीही गोष्ट कळत नाही.

ही झाली शिकलेल्यांची परंपरा. परंतु आमच्या जिल्ह्यात याहून फार जुनी एक परंपरा घरोघर आहे आणि ती कोणी शिकविलेली नाही. ती म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. शेतीची कामे सरली की उन्हाळ्यात गोधड्या शिवावयास निघतात. ओसरीवर जुने लुगडे अंथरावयाचे, कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा असे काही वजन ठेवावयाचे, आत फाटक्या धोतरांचे आणि सदऱ्यांचे तुकडे सपाट पसरावयाचे, वर दुसरे लुगडे, आणि मग कडेने सुरुवात करून आतआत येणारा धावदोरा. दोघीतिघी समोरासमोर बसतात. हात चालतात आणि तोंडेही चालतात. सासुरवाशिणींची जी दुःखे कोठेच सांगता येत नाहीत ती येथे सांगितली जातात. तुकडे कसे बसवावे, लालाशेजारी हिरवा घ्यावा की पिवळा, यावर वाद होतो. याला कला म्हणावे की काय असा प्रश्न त्या बायकांना कधी पडत नाही, आणि तो पडत नाही म्हणून त्यांचे काही अडतही नाही.

येथे आम्हांस एक सूक्ष्म गोष्ट दिसते. गोधडीला ‘टाकाऊपासून केलेली वस्तू’ म्हणणे चुकीचे आहे, कारण लुगडे टाकाऊ कधी झालेच नव्हते. ते प्रथम सणाचे होते, मग रोजचे झाले, विरल्यावर गोधडीत गेले, गोधडी फाटल्यावर तिच्या मऊ तुकड्याचे बाळाचे दुपटे झाले, दुपट्याचे पोतेरे झाले आणि पोतेऱ्याचा उरलेला धागाही चुलीपाशी कामास आला. या प्रवासात ‘टाकणे’ ही पायरी कोठे येत नाही. जी संस्कृती टाकत नाही तिला टाकलेले उचलण्याचा उत्सव करावा लागत नाही. उद्यानातील कलावर्ग ही म्हणूनच ज्यांनी टाकावयास शिकून घेतले आहे अशा घरांची गरज आहे. ती गरज खरी आहे, तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण ती कोणाची आहे हे ओळखले पाहिजे.

आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. ‘येताना घरातील टाकाऊ वस्तू आणाव्यात’ अशी सूचना फलकावर लिहिली की आपण नकळत काही मुलांना बाहेर ठेवतो. गरिबाच्या घरात टाकाऊ असे काही नसते. तेलाचा रिकामा डबा हा पाण्याचा डबा असतो. प्लॅस्टिकची बाटली शेतावर जाते. पुठ्ठ्याचे खोके फोडून भिंतीच्या भोकास लावलेले असते. आणि जे कुटुंब कचरा वेचून पोट भरते त्याच्या घरी तर बाटली, पत्रा, काच, रद्दी यांचे निरनिराळे ढीग असतात आणि प्रत्येकाचा भाव ठरलेला असतो. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने वेचक स्त्रियांची संघटना झाली तेव्हा तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे ठेवले गेले. त्या नावात कचरा हा शब्द नाही. ज्यांचे हात त्यात रोज असतात त्यांना तो कचरा दिसत नाही, कागद, काच आणि पत्रा दिसतो. एकच बाटली एका मुलाला खेळणे, दुसऱ्याला पाण्याचे भांडे आणि तिसऱ्याला पैसे. वर्गात तिघे शेजारी बसावयाचे असतील तर सामान वर्गानेच पुरविले पाहिजे, आणि वेचणाऱ्या बाईकडून ते वजनावर विकत घेतले पाहिजे. ‘विनामूल्य’ याचा अर्थ कोणाच्याच श्रमाचे मूल्य न देणे असा होऊ नये.

ओघात आले म्हणून चंदीगडच्या प्रसिद्ध रॉक गार्डनविषयी दोन शब्द. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक साधे रस्तेतपासनीस. त्यांनी १९५७ च्या सुमारास सरकारी जंगलजमिनीवर गुपचूप ही बाग उभारण्यास प्रारंभ केला. १९७६ साली ती लोकांस खुली झाली. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मोडक्या फरश्या यांच्या शेकडो मूर्ती तेथे आहेत. पाहणारे त्यांच्या कल्पकतेचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. परंतु ते तुकडे आले कोठून? नवे शहर वसविण्यासाठी जी जुनी खेडी पाडली गेली त्यांच्या मलब्यातून त्यांतील पुष्कळसे आले. म्हणजे ज्या बांगड्या आज मूर्तीच्या अंगावर दिसतात त्या कोणा बायकांच्या हातांत होत्या आणि त्या बायका तेथून उठविल्या गेल्या होत्या. वस्तू टाकाऊ ठरते तेव्हा बहुधा तिच्या आधी कोणी माणूस टाकाऊ ठरलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळांतून ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे घोषवाक्य मुलांना फार पूर्वीपासून शिकविले जाते. (त्याच्या स्पर्धा निघाल्यापासून आइस्क्रीमच्या न वापरलेल्या काड्यांची पाकिटे स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळू लागली आहेत, हे सुज्ञ वाचकांस ठाऊक असेलच.) या वाक्यात मुलाला सांगितले जाते ते असे : पहा, हे निरुपयोगी होते, आपण त्याला उपयोगी केले, म्हणून आता ते जपून ठेवू. वाक्य निरुपद्रवी दिसते. पण त्यात मोजपट्टी तीच राहिली. वस्तूची पात्रता तिच्या उपयोगावरून ठरते, हा जो विचार बाटली फेकावयास लावतो तोच विचार तिला पेनस्टँड करून टेबलावर ठेवतो. उद्या ते पेनस्टँड नको झाले की ते पुन्हा फेकावयास आपण मोकळे.

वस्तूंच्या बाबतीत ही मोजपट्टी लावण्यात पाप नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक भेद केला आहे : ज्याच्या जागी तत्सम दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. प्लॅस्टिकच्या पिशवीला किंमतच आहे, प्रतिष्ठा नाही. तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली तिच्या कित्येक प्रकारांवर बंदी घातली ती योग्यच केली. (आजीच्या गोधडीला मात्र या दोहोंपैकी कोठे बसवावे? कांट यांनी बाजारभावाखेरीज आवडीची किंमत असाही एक वर्ग मानला आहे, पण तोही गोधडीला पुरा पडत नाही असे आम्हांस वाटते.) अडचण निर्माण होते ती मोजपट्टी वस्तूंवरून उचलून माणसांवर ठेवली जाते तेव्हा. आणि ती ठेवली जाते. हात एकदा टाकावयास सरावला की तो समोर वस्तू आहे की माणूस हे पाहत नाही.

आमच्या जिल्ह्यात हे पाहावयास दूर जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाची गणना त्याच्या हातातील हत्याराने होते, हेच पुरेसे बोलके आहे. कामाला न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. त्यातून आजार, आजारातून खाडे. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील पुष्कळ जणी तरुण होत्या. ‘मुले झाली, आता त्या पिशवीचा काय उपयोग?’ हा युक्तिवाद आपल्या समाजात आम्ही अनेक तोंडांतून ऐकला आहे. उपयोगाची मोजपट्टी शेवटी बाईच्या देहात कोठवर जाऊन पोचली, हे त्या आकड्यांत दिसते.

मग उद्यानातील कागदाच्या पाखरांचा आणि या भयंकर गोष्टीचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे, आणि म्हणूनच तो वर्ग आम्हांस महत्त्वाचा वाटतो; फक्त त्यात पेनस्टँड करू नये. जुन्या रबरी चपलेची चाके कापून, त्यांत काडी घालून मुले गाडी करीत. फुटक्या बांगड्यांच्या काचा मेणबत्तीवर तापवून, वाकवून मुली त्यांची साखळी गुंफीत. पोळ्याला काळ्या मातीचे बैल होत. यांतल्या कशाचाही काही उपयोग नव्हता. त्या गाडीतून कोणी काही वाहून नेले नाही आणि त्या बैलांनी काही नांगरले नाही. तरीही ज्याने त्या केल्या त्याला त्या प्रिय होत्या. उपयोग नसताना एखादी गोष्ट प्रिय असू शकते हे मुलाच्या हातांना जेव्हा कळते तेव्हा त्याला असे काही कळलेले असते की जे पुढे म्हाताऱ्या आजोबांकडे, आजारी बहिणीकडे, काम न होणाऱ्या माणसाकडे पाहताना त्याच्या उपयोगी पडेल. (येथेही ‘उपयोगी’ हा शब्द आमच्या लेखणीतून सुटलाच, या शब्दाची सवय किती खोल आहे पहा.)

शुभवर्तमानातील भाकरींचा प्रसंग वाचकांस परिचित आहे. पाच हजारांचा समुदाय तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्यांचे पुढे काय झाले? योहान ते सांगत नाही, इतर शुभवर्तमानकारही सांगत नाहीत. तुकडे कशासाठी वेचले हेच जर महत्त्वाचे असते तर कोणीतरी ते नोंदविले असते. काही वाया जाऊ नये एवढेच कारण तेथे दिले आहे आणि तेथे तेवढे पुरते.

दुसरी अडचण ‘फुकट’ या शब्दाची. फुकटचे त्याला किंमत नसते, तेव्हा दहावीस रुपये का होईना फी ठेवावी, असे आमच्या शिक्षकमित्रांपैकी एकाचे म्हणणे होते. दिल्लीत २०१९ साली भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारून एक उद्यान केले गेले, त्याला तिकीट आहे, हा दाखलाही त्याने दिला. आम्ही त्यास विचारले, रोजंदारीवरची बाई मुलाला घेऊन सकाळभर तुझ्या सतरंजीवर बसली तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. ती फी नव्हे काय? सुटीचा दिवस हा पगारदाराचा असतो. तिच्यासाठी वर्ग आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजार उलगडताना, तासभर भरला तरच तो खरा विनामूल्य. हे त्यास पटले की नाही ठाऊक नाही, पण फीचा मुद्दा त्याने पुन्हा काढला नाही.

कुटुंबाला एकत्र बसविण्यात एक धोका असतो, आणि एक लाभही. धोका हा की मुलाच्या हातून कात्री घेऊन बापच काम ‘नीट’ करून टाकतो. त्यावर नियम एकच : मोठ्यांनी मुलाच्या वस्तूला हात लावू नये, आपली निराळी करावी. लाभ अधिक मोठा आहे. संगणक, इंग्रजी, गणित यांत नातवंडे पुढे आणि आजी मागे अशी आजच्या घराची उतरंड झाली आहे. चिंध्या आणि सुई पुढे आली की ती उतरंड उलटी होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईस कोणता तुकडा ताणला जाईल आणि कोणता फाटेल हे बोटांनी कळते. अभियंता झालेल्या मुलाला ते विचारावे लागते. तिला विचारले जाणे, आणि तेही नातवंडांदेखत, ही गोष्ट आमच्या मते त्या वर्गातील सर्वांत मौल्यवान होय.

आंबेजोगाईच्या दासोपंतांची येथे आठवण होते. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. ‘पंचीकरण’ या विषयावरील आपल्या ओव्या त्यांनी सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद अशा एका पासोडीवर लिहिल्या. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे कापड. पंचमहाभूतांपासून हा देह कसा बनला याचे गहन विवेचन ज्यावर लिहिले गेले ते कापड आमच्याच जिल्ह्यात जपले गेले. ज्ञानाला कोणते आसन शोभते याविषयी आपल्या पूर्वजांचे मन आपल्याहून मोकळे होते असे दिसते.

शेवटी एक अगदी व्यावहारिक गोष्ट, जिच्यावर आमचा सर्वाधिक वेळ गेला. बाटलीवर रंग फासला, कापूस चिकटविला, चमकी लावली की ती भंगारवाला घेत नाही. कागदाला प्लॅस्टिक चिकटविले की दोन्ही वाया. म्हणजे जी वस्तू अजून वेचणाऱ्या बाईच्या कामाची होती ती कलेच्या नावाखाली आपण खरोखरीच टाकाऊ करून ठेवतो. तेव्हा डिंक, फेव्हिकॉल, थर्मोकोल यांना वर्गात मज्जाव करावा. जे काही करावयाचे ते शिवून, गाठ मारून, घडी घालून, खोचून करावे, म्हणजे उसवले की प्रत्येक तुकडा पुन्हा आपापल्या ढिगात जाईल. मातीचे असेल तर मातीत मिळेल. पोळ्याच्या बैलांसाठी कोणी रडत नाही. या अटीमुळे करता येण्याजोग्या वस्तूंची यादी निम्म्याने घटली, आणि मित्रमंडळी थोडी हिरमुसली.

वर्ग केव्हा भरवावा यावर मात्र एकमत झाले. दिवाळीनंतर हवा चांगली असते म्हणून शहरातील वर्ग हिवाळ्यात भरतात. बीडमध्ये त्या दिवसांत निम्मी कुटुंबे कारखान्यांच्या फडावर असतात आणि अनेक मुले म्हाताऱ्यांपाशी किंवा हंगामी वसतिगृहांत असतात. ‘कुटुंबासाठी’ म्हणून बोलावले तर येणार कोण? कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, गाड्या परत आल्यावर, मे महिन्यात सकाळी सात ते नऊ या वेळेत पहिला वर्ग घ्यावा असे ठरले आहे. सुयांची चार पाकिटे आणि दोऱ्याची रिळे घेण्याचे काम आमच्याकडे दिले आहे.